ॲप करून घ्यायचंय? आधी रकाने आखा



हल्ली कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आमच्या धंद्यासाठी ॲप करून घ्यायचंय, कुणाकडून घेऊ?" कुणाला कुणीतरी वीस हजार सांगितलेले असतात, कुणाला पस्तीस. एका गटाने तर खेळत्या भांडवलातून त्यासाठी पैसे बाजूलाही काढून ठेवलेत. म्हणून आज त्यावरच बोलते.

बचतीच्या आणि अंतर्गत कर्जाच्या नोंदींबद्दल मी आज बोलणार नाही, हे आधीच सांगते. त्यांची सोय सरकारी पातळीवर होत आली आहे. नाबार्डने गटांच्या नोंदी संगणकावर आणायला २०१५ साली ई-शक्ती सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला जे दोन जिल्हे घेतले त्यातला एक आपला धुळे होता आणि दुसरा झारखंडातला रामगढ. आता अभियानाचं लोकओएस आहे. त्यात आपण आपलं वेगळं काही करायला जायचं नाही. एकाच बचतीचे दोन ठिकाणी दोन आकडे झाले की बँकेत उत्तर देताना त्रेधा उडते. आजचा विषय आहे तो धंद्याच्या हिशेबाचा. पापड, मसाला, शेवया, शिवणकाम, कोंबड्या, जे काही आपण करतो त्यात कच्चा माल किती आला, कुणी किती काम केलं, किती विकलं आणि उधारी कुणाकडे राहिली, त्याचा.

आता ॲप म्हटलं की आपल्याला वाटतं, ते इंजिनिअरनेच करायचं. तसं आता राहिलेलं नाही. संगणकाला ज्या भाषेत सूचना देतात तिला कोड म्हणतात. तो कोड फारसा न लिहिता, तयार तुकडे जोडून ॲप करायची जी पद्धत आहे तिला लो-कोड म्हणतात. अजिबातच लिहावा लागला नाही तर नो-कोड. ब्लाउजचं बघा ना. रेडिमेड ब्लाउज बाजारातून आणला की लगेच अंगावर, पण काखेत घट्ट झाला तर आपण सोसायचं. शिंप्याकडे माप दिलं तर अगदी मनासारखा होतो, पण शिलाई जास्त, वेळ जास्त, आणि टाका उसवला तर परत त्याच्याकडेच जायचं. मधला मार्ग म्हणजे कटिंग केलेला कपडा आणून घरी शिवायचा. लो-कोड म्हणजे हा मधला मार्ग. पण त्यातही चार प्रकार आहेत, आणि खरी निवड तिथे करावी लागते.

उदाहरणाला पापडाचा गट घेऊ. बारा बायका. सकाळी केंद्रावर उडदाचं पीठ मळून तयार असतं, प्रत्येकीला वजन करून दिलं जातं. ती घरी नेऊन लाटते, वाळवते, आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देते. किलोमागे मजुरी ठरलेली. वाळल्यावर वजन घटतं, किती घटायला हरकत नाही तेही गटाने ठरवलेलं असतं. ऐकायला सोपं आहे. पण महिन्याचे पंचवीस दिवस, बारा बायका, म्हणजे तीनशे वेळा पीठ दिलं आणि तीनशे वेळा पापड घेतले. सहाशे नोंदी झाल्या. त्यातल्या दोन चुकल्या तरी कुणाची तरी मजुरी कमी भरते. ती बाई तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या बैठकीला येत नाही. माझ्या पाहण्यात गट धंदा बुडाला म्हणून जेवढे मोडले, त्याहून जास्त हिशेबाच्या संशयाने मोडले आहेत. तेव्हा ॲप हवं की नको हा प्रश्न हौसेचा नाही.

या गटाला पहिल्यांदा काय लागेल? माझं मत विचाराल तर फक्त एक फॉर्म आणि एक पत्रक. गुगल फॉर्म फुकट आहे, मराठीत करता येतो. त्यात चारपाच प्रश्न ठेवायचे: कोण, काय (पीठ दिलं की पापड घेतले), किती किलो, आणि शेरा. तारीख-वेळ आपोआप पडते. केंद्रावर जी वजन करते तिने तिथल्या तिथे फोनवर भरायचं. प्रत्येक नोंद गुगल शीटमध्ये, म्हणजे पत्रकात, एकेका ओळीत जाऊन बसते. शेजारच्या पानावर एकदा सूत्र लिहून ठेवलं की प्रत्येकीची आठवड्याची मजुरी आपोआप बेरीज होऊन दिसते. हे करायला खर्च शून्य आणि शिकायला दोन दुपारी.

यात दोन ठिकाणी मात्र गाडी अडते, ते नीट ऐका. पहिलं, नावं हाताने लिहू देऊ नका. एक दिवस "सुनीता" दीर्घ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी "सुनिता" ऱ्हस्व, की संगणकाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात आणि तिची अर्धी मजुरी दुसऱ्याच खात्यावर दिसते. म्हणून फॉर्ममध्ये नावांची यादी द्यायची आणि त्यातून निवडायचं. एकाच नावाच्या दोघी असतील तर नावापुढे सदस्य क्रमांक घाला. दुसरं, वजनाच्या रकान्याला "फक्त आकडा" अशी अट लावा. नाहीतर कुणी "दोन किलो" असं अक्षरात लिहितं, कुणी "२ कि." लिहितं, आणि बेरजेत ते धरलंच जात नाही. आकडे इंग्रजी अंकांतच टाकायची सवय ठेवा, मराठी अंकाला पत्रक कधी अक्षर समजून बसेल सांगता येत नाही.

पत्रकाचा मला सगळ्यात आवडणारा गुण वेगळाच आहे. वहीत खाडाखोड झाली, वर व्हाइटनर फिरला, की कुणी केलं ते कळत नाही. शीटमध्ये जुन्या आवृत्त्या राहतात. कुठल्या दिवशी कुणाच्या खात्यावरून कुठला आकडा बदलला ते उघडून बघता येतं. सूत्रांचे रकाने कुलूप लावून ठेवता येतात. बदल करायचा अधिकार दोघींना आणि नुसतं बघायचा अधिकार सगळ्या बारा जणींना, अशी वाटणी करता येते. आपापल्या फोनवर आपली मजुरी बघता आली की कुजबूज निम्मी होते.

मग हे कुठे कमी पडतं? नेट नसेल तिथे. गुगल फॉर्म नेट असल्याशिवाय जमा होत नाही. डोंगराकडच्या वाड्यांवर, किंवा मुंबईला महालक्ष्मी सरसच्या गर्दीत फोनला रेंज मिळेना, की नोंद अडकली. आणि दुसरं म्हणजे माल जेव्हा दोन-तीन ठिकाणी असतो तेव्हा. थोडा गावात केंद्रावर, थोडा तालुक्याच्या दुकानात, थोडा प्रदर्शनाच्या स्टॉलवर. तेव्हा विकणारीला फोनवर उघडलं की लगेच शिल्लक दिसायला हवी, मोठं पत्रक बोटाने सरकवत बसणं जमत नाही.

इथे दुसरा प्रकार कामाला येतो, पत्रकावर चढवलेलं ॲप. ॲपशीट हे त्यातलं एक माहितीतलं नाव, २०२० साली गुगलने ती कंपनी विकत घेतली. आपलंच पत्रक त्याला दाखवायचं, ते रकाने वाचून त्यावरून ॲपचे पडदे तयार करतं. मग आपण बटणं मराठीत करायची, फोटो काढायची सोय घालायची, नको ते रकाने लपवायचे. नेट असताना एकदा उघडलेलं असलं की पुढे नेट नसतानाही नोंदी घेतं आणि रेंज आली की पाठवून देतं.

पण इथे एक गोष्ट विसरलात तर ॲप असूनही हिशेब चुकेल. शिल्लक लिहू नका, व्यवहार लिहा. समजा स्टॉलवर चाळीस पुडे आहेत. दोघी जणी विकताहेत, दोघींच्या फोनला रेंज नाही. एकीने पाच विकले आणि शिल्लक पस्तीस केली. दुसरीनेही पाच विकले, तिच्या फोनवर अजून चाळीसच दिसत होते, तिनेही पस्तीस केली. रेंज आल्यावर पत्रकात पस्तीस. खरे पुडे तीस. मग पाच पुडे गेले कुठे म्हणून दोघींची भांडणं. त्याऐवजी "पाच विकले", "पाच विकले" अशा दोन ओळी लिहिल्या की शिल्लक पत्रक स्वतः काढतं, तीस. ही काही संगणकाची गोष्ट नाही, आपली जुनी आवक-जावक वही असंच सांगायची.

आता पैशांचं. अशी ॲप करून बघायला फुकट असतात, ॲपशीटवर दहा जणांपर्यंत वापरून तपासता येतं. पण रोजच्या खऱ्या कामाला लावायचं तर वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे दरमहा पैसे असा हिशेब असतो. इथे गट फसतात, कारण महिन्याचा आकडा लहान दिसतो. समजा माणशी महिना चारशे रुपये धरले. बारा जणींचे झाले ४,८००. वर्षाचे ५७,६००. पापडाच्या नफ्यातून हे परवडणार आहे का? म्हणून बारा जणींना ॲप द्यायचंच नाही. नोंद कोण करते? केंद्रावरची एक, स्टॉलवरच्या दोघी. तिघींपुरतं घ्या, बाकीच्यांना पत्रक बघायला द्या, ते फुकट आहे. आणि परवडेनासं झालं तर ॲप बंद करा. पत्रक आपल्याच खात्यात असतं, ते जात नाही. मला या प्रकाराची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच वाटते.

तिसरा प्रकार, ज्यात पत्रक नसतंच आणि सगळं त्या कंपनीच्याच साठ्यात राहतं. चेन्नईच्या झोहो कंपनीचं झोहो क्रिएटर २००६ पासून आहे. फॉर्म, बिलं, मंजुरीच्या पायऱ्या, असं पुष्कळ काही त्यात जोडता येतं, आणि जिथे तयार तुकडा पुरत नाही तिथे थोडा कोड लिहायची सोय असते. मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्सही साधारण याच जातीचं. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट तर मुक्त आहे, म्हणजे सॉफ्टवेअरचे पैसे नाहीत. पण ते चालवायला सर्व्हर लागतो आणि सांभाळणारा जाणकार लागतो, त्याचे पैसे लागतात. ही साधनं वाईट नाहीत. प्रभागसंघाची उत्पादक कंपनी असेल, वीस गावांतून माल येत असेल, जीएसटीची बिलं फाडायची असतील, तर त्यांचा विचार जरूर करा. बारा बायकांच्या गटाला ते म्हणजे चटणी वाटायला गिरणी बसवल्यासारखं होईल.

चौथा प्रकार ठोकळे जोडून ॲप करायचा, एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर. धारावीतल्या मुलींनी ते वापरून आपल्या वस्तीच्या पाण्याच्या, सुरक्षेच्या प्रश्नावर ॲप केली होती. तुमच्या मुलींना सुट्टीत शिकवा, डोकं छान चालतं. पण गटाच्या पैशाचा हिशेब त्यावर ठेवू नका. माहिती कुठे साठवायची हे सगळं त्यात आपणच जुळवावं लागतं.

रेडिमेडचाही विचार सोडू नका. तुमचं दुखणं फक्त उधारी असेल तर उधारीची तयार ॲप आहेत. फक्त मालाचे फोटो आणि दर दाखवायचे असतील तर व्हॉट्सॲप बिझनेसमधला कॅटलॉग पुरतो. त्यासाठी काहीही बनवायची गरज नाही. आता तोंडी सांगितलं की ॲप करून देणारी एआयची साधनंही आली आहेत. त्यांनाही मी आता जे प्रश्न सांगते तेच विचारायचे.

पहिला प्रश्न, हे कुणाच्या खात्यावर आहे? आमच्या भागातल्या एका गटाला ओळखीच्या मुलाने ॲप करून दिलं होतं. चांगलं होतं हो, खोटं कशाला बोलू. पण ते त्याच्या ईमेलवर होतं. त्याला बाहेरगावी नोकरी लागली, नंबर बदलला, आणि एक दिवस ॲप उघडेना. वही तर केव्हाच बंद केली होती. तीन महिन्यांची उधारी त्या बायकांना दुकानोदुकानी जाऊन "आमचं किती देणं आहे हो तुमच्याकडे" असं विचारून गोळा करावी लागली. दुकानदार सांगेल तो आकडा. म्हणून गटाच्या नावाचं वेगळं ईमेल खातं काढा. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे, बंद लिफाफ्यात गटाच्या पेटीतही. खातं परत मिळवायचा मोबाइल नंबर कुणाच्या मुलाचा किंवा नवऱ्याचा नको. आणि पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलायचा, ठरावात लिहून.

दुसरा प्रश्न, उद्या हे बंद पडलं तर आमची माहिती आमच्या हातात कशी येणार? लहान माणसाचंच बंद पडतं असं समजू नका. गुगलचंच ॲप मेकर नावाचं साधन होतं, याच लो-कोड जातीतलं. ते गुगलने १९ जानेवारी २०२१ ला बंद केलं आणि त्यावर केलेली ॲप चालेनाशी झाली. वर्षभर आधी सांगितलं होतं, त्यामुळे ज्यांनी लक्ष दिलं त्यांनी आपलं सामान हलवलं. तेव्हा साधन कुठलंही असो, ते निवडायच्या आधी पाच नोंदी भरा आणि त्या एक्सेलच्या फाइलमध्ये बाहेर काढून बघा. विकणारा "ते होईल नंतर" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि महिन्याला एकदा छापील प्रत फाइलला.

तिसरा, फोन कुणाचा? हे कुणी विचारतच नाही. पुष्कळ घरांत चांगला फोन मुलाकडे असतो आणि मुलगा दुपारपर्यंत कॉलेजात. मग नोंद रात्री आठवून भरली जाते, आणि आठवून भरलेली नोंद म्हणजे अंदाज. केंद्रावर गटाच्या मालकीचा एक साधा स्मार्टफोन ठेवलात तर तो पस्तीस हजारांच्या ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि माहितीचं एक. धंद्याच्या पत्रकात कुणाचाही आधार क्रमांक, बँक खातं घालू नका. मजुरीच्या हिशेबाला त्याचं कामच नाही. "लिंक असलेल्या कुणालाही" अशी जी परवानगी असते ती लावून ते पत्रक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. व्यक्तीची माहिती जपण्याचा कायदा २०२३ साली आपल्याकडे झालाच आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी कुणाची उधारी किती हे चावडीवर का जावं?

एक शंका नेहमी येते, की मग वही बंद करायची का? लगेच नाही. तीन महिने दोन्ही चालवा. दर शनिवारी वहीची बेरीज आणि पत्रकाची बेरीज शेजारी ठेवा. जुळली नाही तर त्याच दिवशी शोधा, एका आठवड्याच्या नोंदींत चूक सापडते, तीन महिन्यांच्या नोंदींत शोधणं म्हणजे गव्हाच्या पोत्यात खडा शोधणं. लागोपाठ बारा शनिवार जुळलं की मग बैठकीत ठरवा.

लिज्जतची सुरुवात १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन केली, तेव्हा त्यांच्याकडे यातलं काही नव्हतं. हिशेब होता. पुढच्या महिन्यात आपण प्रभागात फॉर्म आणि पत्रक शिकायची दोन दुपारची बैठक ठेवतोय. येताना प्रत्येक गटाने आपली आवक-जावक वही आणायची, आणि कोऱ्या कागदावर तुम्हाला हवे ते रकाने आखून आणायचे. आठपेक्षा जास्त झाले तर घरीच दोन खोडून या. गटातून दोघी या, एकटी नको, आणि त्यातली एक रोज वजन करणारी असू द्या. फोन चार्ज करून आणा, केंद्रावर दुपारी लाइट नसते.